रुळाची सोनोग्राफी

तुटलेल्या रुळाचं तोंड नीट पाहिलं, तर कित्येकदा त्यात एक गुळगुळीत, लंबगोल डाग दिसतो आणि त्याच्याभोवती चकाकणारा, खरखरीत भाग. खरखरीत भाग एका क्षणात तुटलेला असतो. तो डाग मात्र त्याआधी कितीतरी दिवस, प्रत्येक चाकागणिक कणाकणाने वाढत आलेली भेग असते. वरून रूळ धडधाकट दिसत असतो.

ही भेग लहान असतानाच पकडायला अल्ट्रासाऊंड वापरतात. तत्त्व पोटाच्या सोनोग्राफीचंच. आपल्याला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इथे ती २० ते ५० लाखांच्या घरात असतात. सोनोग्राफीत जेल लावतात, तसं इथे प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परतलेला ध्वनी टिपणारा भाग, आणि रूळ यांच्यामध्ये पाणी सोडतात, कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनी पोलादात शिरतच नाही. भेग सापडते तीही याच गुणामुळे. भेगेच्या फटीत हवा असते आणि ध्वनी तिच्यावर आदळून माघारी येतो.

पोलादात हा ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. १७२ मिलिमीटर उंच रुळाच्या तळाला शिवून परत यायला त्याला ६० मायक्रोसेकंदही लागत नाहीत. तपासणीची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असली, तरी तेवढ्यात ती जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकते.

पण सरळ खाली सोडलेल्या ध्वनीला उभी भेग नुसती कडेने दिसते, सुरीची धार समोरून दिसावी तशी. म्हणून काही प्रोब ७० अंशांनी तिरपे लावलेले असतात. शिवाय प्रतिध्वनी न येणं हीसुद्धा बातमीच. तळाकडून येणारा नेहमीचा प्रतिध्वनी अचानक थांबला, तर वाटेत काहीतरी आडवं आलंय किंवा प्रोबचा रुळाशी संपर्क सुटलाय.

नेमकं काय झालंय, हे ओळखणं खरं अवघड. बोल्टचं भोकही प्रतिध्वनी देतं, वेल्डचा जोडही देतो. पडद्यावर भोकाच्या जागी तिरप्या रेघांची ठरावीक नक्षी उमटते. भोकाच्या कडेला तडा गेला असेल तर त्या नक्षीला एखादी बारीकशी जादा रेघ चिकटलेली असते. शेकडो किलोमीटरच्या नोंदींमधून ती रेघ टिपायची, तर अनुभवी डोळेही थकतात. प्रतिध्वनी ठरावीक पातळीच्या वर गेला की इशारा द्यायचा, ही जुनी पद्धत निर्दोष भोकांवरही ओरडत बसते.

मशीन लर्निंग इथे कामाला येतं. तज्ज्ञांनी ‘भोक’, ‘वेल्ड’, ‘भेग’ अशी नावं दिलेली हजारो चित्रं दाखवली, की संगणकाचं न्यूरल नेटवर्क नक्षीतला फरक शिकतं. अडचण अशी, की खऱ्या भेगा फार थोड्या. सरसकट ‘सगळं ठीक’ म्हणणारी प्रणालीही बहुतेक वेळा बरोबरच ठरेल, आणि तिचा काडीचा उपयोग नसेल. म्हणून ‘९९ टक्के अचूक’ असा दावा ऐकला की मी आधी विचारतो, खऱ्या भेगांपैकी किती निसटल्या? उगाच दिलेल्या इशाऱ्याने तपासायला गेलेल्या माणसाची एक फेरी वाया जाते. निसटलेल्या भेगेवरून गाडी जाते.

उदाहरणं कमी पडतात म्हणून रुळांत मुद्दाम भोकं पाडून, खाचा कापून चित्रं मिळवतात. पण करवतीची खाच सरळ असते, खरी भेग वेडीवाकडी. माथ्यावरच्या बारीक भेगांचं जाळं तर खालची मोठी भेग झाकून टाकतं. अशा वरवरच्या भेगांना हलकं समजू नये. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्डजवळ माथ्याच्या कडेला पडलेल्या भेगांमुळेच रुळाचे ३०० हून अधिक तुकडे झाले आणि चार प्रवासी दगावले. त्या रुळाची दुरवस्था आधीच कळली होती. बदलायचा नवा रूळ शेजारी आणूनही ठेवला होता.

यंत्राने संशय घेतलेल्या जागी अखेर माणूस हातातला प्रोब घेऊन जातो आणि तेवढाच तुकडा पुन्हा तपासतो. भेग निघो वा न निघो, त्याचा निकाल त्या चित्राशेजारी नोंदवला, तर पुढच्या वेळी नेटवर्क तेही शिकतं.