तोंडात तीन बोटे जात नसतील तर

पानमसाल्याच्या आणि सुगंधी सुपारीच्या पुड्यांवर ‘तंबाखूविरहित’ असे ठळक छापलेले असते. ते वाचून घरातली मोठी माणसेसुद्धा निर्धास्त होतात. ‘आमचा मुलगा तंबाखूला शिवत नाही, नुसती सुपारी खातो’ असे दंतवैद्याला सांगणारे पालक कमी नाहीत. हा समज मोडायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, म्हणजे तंबाखू न मिसळलेल्या नुसत्या सुपारीला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही त्याच गटात आहेत.

आकडे पाहा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कर्करोगी आढळतात. त्यात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे जवळपास १ लाख ४४ हजार. स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच, आणि पुरुषांत तर पहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू खाणारे निघाले. धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के. आपला प्रश्न धुराचा कमी आणि चघळण्याचा जास्त आहे. विदर्भातला खर्रा, नगरकडचा मावा, सगळीकडे मिळणारा गुटखा यांत तंबाखूइतकीच, बहुतेकदा त्याहून जास्त, सुपारी असते.

सुपारीने होणारा खास आजार म्हणजे ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली तंतूंचा थर साचतो आणि तोंड हळूहळू मिटत जाते. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत त्याचे पहिले आधुनिक वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी त्याला आजच्या नावाच्या जवळचे नाव दिले.

पहिले लक्षण असते तिखट न सोसणे. ठेचा, रस्सा तोंडाला लागला की आग होते, अधूनमधून बारीक फोड येतात. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात आणि इथेच वर्ष-दोन वर्षे वाया जातात. मग गालाचा आतला गुलाबी रंग जाऊन तिथे पांढरट, संगमरवरासारखी झाक येते. बोट फिरवले तर उभ्या कडक पट्ट्या लागतात. जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही, शीळ घालता येत नाही, फुगा फुगवता येत नाही, पडजीभ आखडते. पुढे गिळताना त्रास होतो, आवाज बदलतो. तोंड उघडत नाही म्हणून पुष्कळजण अक्कलदाढेवर संशय घेतात. फरक सोपा आहे: दाढेमुळे जबडा दोन-चार दिवसांत, दुखून आणि सुजून अडकतो; सुपारीमुळे तो महिनोन्‌महिने, जवळजवळ न दुखता आवळत जातो.

हे घडते कसे, हा या आजाराचा सर्वांत विलक्षण भाग आहे. आपल्या ऊतींना आकार देणारे कोलॅजन हे प्रथिन सतत नवे बनते आणि जुने मोडले जाते. सुपारी या दोन्ही बाजूंना हात घालते. तिच्यातला ॲरेकोलिन हा अल्कलॉइड चुन्यामुळे जास्त घातक होतो: चुना तोंडातला सामू वाढवतो, ॲरेकोलिनचा विद्युतभार जातो आणि ते अस्तरातून सहज आत शिरते. त्याचा काही भाग चुन्याच्या क्रियेने ॲरेकेडिनमध्ये बदलतो. हे दोन्ही रेणू फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींना, चेतवतात. टीजीएफ-बीटा हा संदेशरेणू वाढतो; त्याच्या हुकमाने कोलॅजनचे उत्पादन वाढते आणि कोलॅजन कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे टिंप नावाचे रेणूही वाढतात. माल जास्त बनतो, मोडतोड कमी होते.

पण नुसते जास्त कोलॅजन साचले म्हणून गाल लाकडासारखा होत नाही. त्यासाठी तंतू एकमेकांना बांधले जावे लागतात, आणि इथे तांबे येते. सुपारीत तांब्याचे प्रमाण इतर बहुतेक खाद्यपदार्थांपेक्षा बरेच जास्त असते. चघळताना ते लाळेत उतरते. लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही. ते कोलॅजनच्या साखळीतल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकाचा अमिनो गट काढून तिथे अल्डिहाइड गट ठेवते. हा गट शेजारच्या साखळीतल्या लायसिनशी किंवा दुसऱ्या अल्डिहाइडशी आपोआप जुळतो आणि दोन तंतूंमध्ये पक्का सहसंयुज बंध तयार होतो. सैल धाग्यांना जागोजागी टाके घालावेत तसे हे आहे. सुपारीतली टॅनिन आणि कॅटेचिन कोलॅजनला चिकटून ते कापणाऱ्या एन्झाइमांना आणखी दूर ठेवतात. चामडे कमावताना टॅनिन वापरतात तेही याच गुणामुळे. असे बांधले गेलेले कोलॅजन शरीराला मोडता येत नाही. म्हणूनच हा आजार मलमाने किंवा गुळण्यांनी मागे फिरत नाही.

पानविड्यापेक्षा पुडी वेगाने नुकसान करते, त्याचेही कारण यातच आहे. विड्यात वजनाने बराचसा वाटा ओल्या पानाचा असतो. पुडीत कोरडी, बारीक केलेली सुपारी असते, ती तासन्‌तास गालात राहते आणि तिचे कण अस्तर खरवडतात. हैदराबादच्या एका अभ्यासात गुटखा खाणाऱ्यांना हा आजार सरासरी पावणेतीन वर्षांत झाला, तर विडा खाणाऱ्यांना साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागला. शाळकरी वयात सुरुवात झाली तर कॉलेजात असतानाच तोंड आखडलेले असते.

कर्करोग यापुढची पायरी. घट्ट थरामुळे रक्तवाहिन्या दबतात, वरचे अस्तर पातळ पडते आणि सुपारीतून लाळेत तयार होणारी नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक रसायने खोलवरच्या पेशींच्या डीएनएपर्यंत पोचतात. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले होते. त्यातल्या पाचजणांना तोंडाचा कर्करोग झाला.

घरी तपासायला आरसा आणि मोबाईलची बॅटरी पुरे. कवळी असेल तर काढून ठेवा. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमधून आत जातात का, ते बघा. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. दोनच बोटे जात असतील तर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. मग दोन्ही गाल ओढून, गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण नीट बघा, कारण पुडी तिथेच राहते आणि आपल्याकडे गाठही बहुतेकदा तिथेच होते. जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून जास्त धोक्याचा मखमली लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, दात काढल्यावर न भरणारा खड्डा, विनाकारण हलू लागलेला दात, मानेतली कडक गाठ: यातले काहीही असले तर दाखवायला जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग सहसा दुखत नाही.

डॉक्टर संशयित जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत गावोगाव आहे आणि तिने माणसे मारली आहेत. तोंडातल्या चट्ट्याची बायोप्सी केल्याने रोग पसरत नाही. बायोप्सी न करता घालवलेल्या महिन्यांत तो नक्की वाढतो. हळद-मधाच्या लेपाने किंवा गोमूत्राने गाठ विरघळल्याचा पुरावा नाही.

फायब्रोसिसवरचा पहिला उपचार सुपारी पूर्ण बंद करणे. ‘कमी केली’ चालत नाही. सुपारीचेही व्यसन लागते, तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राची मदत घ्यायला संकोच नको. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेज या एन्झाइमची इंजेक्शने देतात, बहुधा आठवड्याला एक, काही आठवडे. सोबत जबड्याचा व्यायाम हवाच: आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दाढांमध्ये धरायची, काही मिनिटे थांबायचे, दिवसातून चार-पाच वेळा, तोंड सैल झाले की एक काडी वाढवायची. तोंड फारच मिटले असेल तर पट्ट्या कापून तिथे गालातली चरबी किंवा त्वचा बसवतात. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने व्यायाम केला नाही तर जखम आवळते आणि तोंड पुन्हा बंद होते. शस्त्रक्रिया फसण्याचे हे मोठे कारण आहे.

आशाताई आणि आरोग्यसेविका तीस वर्षांवरील सर्वांची नोंद घेऊन तोंडाची तपासणी करून देतात, सरकारी दंत महाविद्यालयांतही ती होते. सुपारी सुटली, तोंड उघडू लागले, तरी अस्तरातले बदल राहतात. त्यामुळे दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून तोंड बघून घेणे पुढची अनेक वर्षे चालू ठेवावे लागते.