वाल, म्हैस आणि लहान होणारा दिवस

मृगात परसात टोकलेला वालाचा वेल आषाढात कुंपण ओलांडतो, श्रावणात मांडव झाकतो, भाद्रपदात गोठ्याच्या कौलांवर चढतो, आणि एवढ्या अवधीत एक फूल देत नाही. 'नुसता पाल्याला लागलाय' म्हणून कोणी खत आवरतं, कोणी शेंडे खुडतं. मग ऑक्टोबर सरता सरता तोच वेल तुऱ्यांनी भरून जातो. शेजाऱ्यानं ऑगस्टात लावलेला वेल अंगानं निम्मासुद्धा नसतो, पण तोही जवळपास त्याच सुमारास फुलतो. जुन्या गावठी वालाची ही रीतच आहे. नव्या सुधारित जातींपैकी काहींनी ती सोडली आहे, म्हणून हल्ली शेंगा अवेळीही मिळतात.

असंच एक कोडं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वायटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड यांच्यापुढे होतं. त्यांच्याकडची तंबाखूची एक जात उन्हाळाभर शेतात माणसापेक्षा उंच वाढायची पण फुलायची नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र हातभर उंचीवरही फुलायची. सोयाबीनची एक जात तर वेगवेगळ्या तारखांना पेरली तरी एकाच वेळी फुलायची. तापमान, खत, पाणी सगळं तपासून झाल्यावर त्यांनी कुंड्या सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. दिवस असा कृत्रिमरीत्या लहान केल्यावर भर उन्हाळ्यात फुलं आली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. झाड दिवसाची लांबी ओळखतं, ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना पचायला जड गेली असणार.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की झाड खरं तर दिवस नव्हे, रात्र मोजतं. त्यांनी निवडलेलं झाड म्हणजे कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं एक तण. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला की ते फुलायचं नाही. दिवसा मध्येच अंधार केला तर त्याला काही फरक पडायचा नाही. शेवंती पिकवणारे शेतकरी आज याच गोष्टीवर पैसे कमावतात. फुलं लांबवायची असली की पॉलिहाऊसमध्ये मध्यरात्री दिवे लावतात, लवकर हवी असली की संध्याकाळ व्हायच्या आत काळं कापड ओढतात. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं शेत पिवळं पडलं तरी हिरवंगार राहतं, त्याचंही कारण हेच.

ही मोजणी पानात होते. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य प्रकाश आहे की नाही हे टिपतं, झाडाचं अंतर्गत घड्याळ त्याचा हिशेब लावतं, आणि रात्र पुरेशी मोठी झाली की पानातून एक प्रथिन शेंड्याकडे निघतं. शेंड्यानं पानं काढायचं थांबून कळी धरायची, असा तो निरोप. म्हणून शेंडे खुडल्यानं फुटवे वाढतील, पण फुलं आधी येणार नाहीत.

आपल्याकडे दिवसाच्या लांबीत फरक पडतो तरी केवढा? पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे साधारण साडेसोळा आणि आठ. सप्टेंबरात आपला दिवस रोज जेमतेम मिनिटभरानं आखडतो. माणसाच्या लक्षातही येत नाही, पण वालाला तेवढं पुरतं. युरोपातल्या कांद्याचं बी मात्र इथे लावलं तर नुसती पात मिळते, कारण गड्डा धरायला त्याला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि तो महाराष्ट्रात कधी उगवतच नाही.

वाल फुलायच्या बेतात असतो त्याच दिवसांत गोठ्यात म्हैस माजावर येऊ लागते. दोन-तीन एकरांच्या घरच्या शेतीत या दोन गोष्टी हाताच्या अंतरावर घडतात, पण त्यांचा संबंध कोणी लावत नाही. म्हशीच्या मेंदूतली पिनियल ग्रंथी अंधारात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवते. रात्र लांबली की ते जास्त वेळ स्रवत राहतं, आणि म्हशीच्या शरीरात प्रजननाची संप्रेरकं जागी होतात. म्हैस गाभण राहते दहा महिने आणि वर काही दिवस. म्हणजे नवरात्र-दिवाळीच्या सुमारास फळलेली म्हैस पुढच्या पावसाळ्यात, रान हिरवं असताना विते. दूध हिवाळ्यात उतू जातं आणि उन्हाळ्यात आटतं, ते यामुळेच. गाय मात्र बारमाही फळते.

उन्हाळ्यात म्हैस माजावर येतच नाही असं नाही. येते, पण मुक्यानं. ओरडत नाही, चारा सोडत नाही, आणि माज बहुधा रात्री-पहाटे होऊन जातो. पहाटे गव्हाणीमागे तिनं टाकलेला सोट, म्हणजे काचेसारखा चिकट स्राव, दिसला तरच कळतं. तो हुकला की पुढची संधी तीन आठवड्यांनी.

शेळीही मुळात आखडत्या दिवसांची. ब्रिटनमधल्या शेळ्या शरदातच फळतात. आपली उस्मानाबादी शेळी वर्षातल्या कोणत्याही महिन्यात गाभण राहते, कारण इथे दिवसाच्या लांबीत एवढी तफावत नाही. तिचं वेळापत्रक चाऱ्यावर चालतं. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत तिनं अधाशासारखं खाल्लं, की आतड्यातले जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषानं आंत्रविषार हा रोग होतो. त्याची लस पावसाआधीच टोचायची असते ती म्हणून.

कोंबडीचं गणित उलटं. तिला मोठा दिवस लागतो. तिची तऱ्हा मला या सगळ्यांत नवलाची वाटते, कारण ती ऋतूचा प्रकाश डोळ्यांनी पाहत नाही. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे निकामी असलेल्या पक्ष्याचीही प्रजननेंद्रियं प्रकाशाला प्रतिसाद देतात. उजेड कवटीच्या पातळ हाडातून थेट मेंदूच्या तळाशी पोचतो. पोल्ट्रीत दिवसाचा उजेड दिव्यांनी सोळा तासांपर्यंत नेतात तो याच आधारावर. घरच्या खुराड्यात दिवा लावायचाच असेल तर पहाटे लावावा. रात्री एकदम विझवला तर कोंबड्या दांडीवर न चढता अंधारात खालीच अडकतात. गावठी कोंबडीला मात्र दिवा लावूनही फारसं साधत नाही. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर बसून राहते, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि अंडी देणं थांबतं, मग बाहेर कितीही उजेड असो.

मे महिन्यात दिवस मोठा असूनही अंड्याचं कवच पातळ येतं, तो उन्हाचा परिणाम. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं त्याला कार्बोनेट कमी पडतं. शिंपल्याचा चुरा घालूनही ही कसर पुरती भरत नाही. सावली आणि गार पाणी त्याहून उपयोगी.

म्हशीतही दिवसाच्या लांबीचा हात किती आणि ऊन-चाऱ्याचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी. उन्हाळ्यात तिला डुंबायला मिळालं, अंगावर पाणी आणि पुढ्यात हिरवी वैरण पडली तर माज बराच सुधारतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, विषुववृत्ताजवळ, म्हशी चाऱ्याच्या हंगामानुसार वर्षभर फळतात. इटलीत मात्र दिवसाची पकड घट्ट आहे, आणि तिथे म्हशीच्या दुधाच्या मोझरेला चीजला मागणी येते उन्हाळ्यात. म्हणून अनेक इटालियन गोठ्यांत शरद ऋतूत रेडे कळपातून बाजूला काढतात आणि नंतर परत सोडतात, म्हणजे म्हशी वसंतात वितात. आपल्याकडेही उन्हाळ्यातच दुधाचा तुटवडा असतो. पण दोनच म्हशी असलेल्या घराला ही युक्ती परवडत नाही: म्हैस आज माजावर असताना तिला मुद्दाम रिकामी ठेवायची, म्हणजे तेवढे महिने फुकटची वैरण आणि पुढचा माज दिसेलच याचा भरवसा नाही.