पाइप नाल्याच्या तळाखाली काऊन टाकाचा?

मे महिना लागला की यार्डावर रोज कोणी ना कोणी येतंच, "भाऊ, ६०० चे तीन पाइप द्या, पांदणीवर टाकाचे हायेत, जेसीबी उभा हाय." (६०० म्हणजे ६०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप, पांदणीचा रस्ता नाला ओलांडतो तिथं खाली टाकतात.) आम्ही नाला किती रुंद आहे ते विचारलं की लोक चिडतात, म्हणतात तुम्ही पाइप विका, नाल्याशी तुम्हाले काय करायचं. म्हणून हा कागद छापला.

मोठा घोटाळा एकाच जागी होतो. पाइप नाल्याच्या तळावर तसाच ठेवून देतात, काही जण तर खाली मुरूम टाकून आणखी उचलतात, काऊन तर "खाली गेला की गाळ भरते." अहो राजेहो, थोडा भरूच द्या! १००० चा पाइप असेल तर दोन्ही टोकं तळाच्या २० सेंटिमीटर खाली बसवायची आणि उतार नाल्याचा जेवढा तेवढाच ठेवायचा. एक-दोन पुरात आत रेती-गोटे येऊन बसतात, पाइपातच नाल्यासारखा तळ तयार होतो आणि पाणी त्याच्यावरून हळू चालतं. उंच ठेवलेल्या पाइपात पाणी गुळगुळीत सिमेंटवरून सुसाट निघतं, खालच्या तोंडाशी धारेनं पडतं, तिथली माती उकरते, आणि तो खड्डा सरकत सरकत पाइपाच्या बुडाखाली शिरतो.

मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) गेलो होतो. पाइपाच्या तोंडाखाली कमरेएवढा डोह झालेला, शेवटचा पाइप खाली झुकलेला, जॉइंट उघडा पडून भराव वाहून चाललेला. आणि त्या डोहात बारीक मासोळी गिचमिड जमलेली, उडी मारे, सिमेंटच्या काठावर आपटे, परत खाली. जाळं घेऊन बसलेले ढिवर बाबा म्हणाले, "यंदा वरच्या तलावात काय जाते आता?" मिरगाच्या पाण्यात मासे अंडी घालायला वर चढतात, आणि बारीक माशाला हातभर उडीही जमत नाही. खाली पकडायला मजा वाटते, पण वर चढलेच नाहीत तर पुढच्या सालची मासोळी येईल कुठून? त्या माणसाला दुसऱ्यांदा जेसीबी लावावा लागला, म्हणजे आधी वाचवलेले पैसे गेलेच, वरून रोवणीच्या दिवसात रस्ता बंद तो वेगळा.

दुसरं, ६०० चे दोन पाइप म्हणजे १००० चा एक, असं होत नाही. १००० चं तोंड ६०० च्या पावणेतीन पट असतं. तीन टाकले तर हिशोब कसातरी जुळतो, पण पहिल्याच पुरात पऱ्हाट्या, फांद्या येऊन अडकतात आणि पाणी धुऱ्यावरून शेतात घुसते. आम्ही मोठाच पाइप सांगतो तर लोकांना वाटते हे धंद्यासाठी बोलून राहिले. धंदा आहेच, नाही कशाला म्हणू, पण तीन पाइप विकण्यातही आम्हाला पैसा मिळतेच की!

काळी माती असेल तर खालची थोडी काढून मुरूम दाबून घ्या, ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि कॉलर (दोन पाइपांच्या जॉइंटवरचं कडं) मोकळी होते. दोन्ही बाजूंनी भराव सारखाच, १५-१५ सेंटिमीटरचे थर करून ठोकायचा, एकाच बाजूने लोटला तर पाइप सरकतो. वर ६० सेंटिमीटर तरी भर पाहिजे, ऊस-कापसाचा ट्रक जाणार असेल तर एनपी-३ (जड वाहनाचा भार सोसणारा जाड पाइप) च घ्या. दोन्ही तोंडांना दगडाची पिचिंग करा (म्हणजे माती उकरू नये म्हणून दगड बसवा), आणि खालच्या तोंडाशी नाल्याच्या तळाच्या वर दगड येऊ देऊ नका, नाही तर माशाला परत तीच पायरी.

१००० चा एक पाइप अडीच टनाच्या आसपास भरतो, हाताने लोटून बसवू असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

येताना नाल्याचे दोन फोटो आणा, एक कोरड्याचा आणि एक पुराचा असेल तर, रुंदी टेपनं मोजून आणा. २५ किलोमीटरच्या आत असाल तर आम्हीच येऊन पाहतो, त्याचे पैसे नाही घेत, पण मिरग लागायच्या आधी सांगा, नंतर आमचीही गाडी चिखलात फसते.