बंगला, वेगळी पार्किंग शेड आणि जमिनीखालची वीज केबल : महावितरणकडे अर्ज कसा करायचा, चर कधी खणायचा

प्लिंथचं काम झालं की जेसीबी आवारात उभाच असतो. मग कोणीतरी सुचवतं, "आलाच आहे तर केबलचा चरही मारून घेऊ." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण बहुतेक वेळा तो चर दुसऱ्यांदा खणावा लागतो. चर कुठून कुठे जाणार हे मीटर कुठे बसणार यावर अवलंबून असतं, आणि मीटरची जागा महावितरणच्या कार्यालयाचा अभियंता येऊन पाहून गेल्याशिवाय पक्की होत नाही. म्हणून आधी अर्ज, मग पाहणी, मग खोदाई.

ही माहिती महावितरणच्या क्षेत्रापुरती आहे. मुंबई शहरात बेस्ट आणि उपनगरांत अदानी किंवा टाटा असेल, तर अर्जाचे नमुने आणि दर वेगळे. भांडुप-मुलुंड मात्र महावितरणकडेच आहे.

चर एकच दिसला तरी त्याचे दोन तुकडे असतात. पोलपासून किंवा फीडर पिलरपासून (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) मीटरपर्यंतची सर्व्हिस केबल हा पहिला. त्याचा खर्च तुमच्याकडून घेतला जातो, पण केबल कोणती, कुठून आणि कशी हे महावितरण ठरवतं. मीटरच्या पुढे घरापर्यंत आणि घरापासून शेडपर्यंत जाते ती केबल हा दुसरा. तिथे खर्च तुमचा आणि उद्या काही बिघडलं तर दुरुस्तीही तुमची. मीटर कंपाउंडच्या भिंतीत, रस्त्याकडून वाचता येईल असं बसवायला सांगतात. त्यामुळे घर आत खोल असेल तर मोठा तुकडा तुमच्याच वाट्याला येतो.

नव्या जोडणीचा अर्ज ए-१ नमुन्यात असतो. तो संकेतस्थळावरून, मोबाइल ॲपवरून किंवा उपविभाग कार्यालयात करता येतो. कागदपत्रांत मुळात दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात : तुम्ही कोण, आणि जागा तुमची कशी. पहिल्यासाठी आधार, पॅन, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. दुसऱ्यासाठी शहरात प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखताची इंडेक्स टू किंवा घरपट्टीची पावती, आणि गावात सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. भाडेकरूला करारनामा आणि घरमालकाचं संमतीपत्र लागतं. अर्ज अडकतो तो बहुधा इथेच : सातबाऱ्यावर भावंडांची नावं असतात आणि अर्ज एकाच्या नावाने असतो. सहहिस्सेदारांची संमतीपत्रं सोबत जोडली तर एक फेरी वाचते. जुनं घर पाडून नवं बांधत असाल तर आधीच्या मीटरवर थकबाकी आहे का, तेही आधी बघून घ्या. मालक बदलला म्हणून ती आपोआप पुसली जात नाही.

शेडसाठी वेगळं मीटर मिळेल का, हा नेहमीचा प्रश्न. एकाच आवारात, एकाच कुटुंबाच्या घरगुती वापरासाठी सहसा एकच जोडणी देतात. वेगळा भाडेकरू किंवा वेगळा वापर असेल तर दुसरी. आणि इथे शब्दाचा एक गंमतशीर धोका आहे. मराठीत गॅरेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाड्या दुरुस्त करणारा येतो. अर्जात 'गॅरेज' लिहिलंत की व्यावसायिक दराची चर्चा सुरू झालीच समजा. 'पार्किंग शेड' लिहा. उलट तिथे खरंच दुरुस्तीचं दुकान टाकणार असाल तर ते लपवू नका. घरगुती मीटरवर धंदा सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात छोट्या घरगुती उद्योगाला सवलत आहे, पण ती महिना ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या मर्यादेतच. स्वतःची इलेक्ट्रिक गाडी स्वतःच्या शेडमध्ये चार्ज करायला मात्र वेगळं मीटर किंवा वेगळा दर लागत नाही. घराचा जो दर, तोच तिला.

अर्जात मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेणार, किती लिहायचा यावर पुढचं सगळं उभं राहतं. सिंगल फेज पुरवठा ४० अँपिअरपर्यंत मिळतो. गाडीसोबत येणारा छोटा चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो, तो त्यात बसतो. भिंतीवरचा ७.४ किलोवॉटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो. त्यात सकाळी गिझर आणि पंप लागले की मर्यादा ओलांडलीच. गाडी दोन वर्षांनी घेणार असाल तरी आत्ताच थ्री फेजचा विचार करा. भार नंतर वाढवता येतो, त्यासाठी निराळा अर्ज असतो, पण पुरलेली केबल जाड करता येत नाही.

अर्जानंतर शाखा कार्यालयाचा अभियंता जागा पाहतो. जवळच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) क्षमता आहे का, केबल कुठून येईल, हे तपासतो. मग कोटेशन निघतं : सर्व्हिस जोडणीचा आकार, सुरक्षा ठेव आणि अर्जाचं शुल्क. ओव्हरहेड आणि भूमिगत जोडणीचे दर वेगवेगळे आहेत आणि भूमिगत महाग पडते, म्हणून अर्जातच 'भूमिगत' असं स्पष्ट लिहा. ते काम परवानाधारक ठेकेदाराकडून स्वतः करून घ्यायची परवानगीही मागता येते. मग महावितरणला फक्त देखरेखीचं शुल्क द्यावं लागतं.

केबल सार्वजनिक रस्ता ओलांडणार असेल तर खोदाईची परवानगी लागते : महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ता ज्याचा असेल त्याची. पावसाळ्याच्या तोंडावर शहरांत ही परवानगी थांबवतात. मार्चमध्ये अर्ज करून मेअखेर कोटेशन भरणारे मग थेट दिवाळीच्या सुमारास खणतात. वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार नवी जोडणी महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे. रस्त्याची परवानगी आणि तुमचा टेस्ट रिपोर्ट आला नसेल तर त्या दिवसांचा काही उपयोग नाही.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे आतली वायरिंग सुरक्षित असल्याचा परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा दाखला. तो मिळाल्याशिवाय मीटर बसवत नाहीत. त्यावर सही करणाऱ्यालाच शेडचं कामही द्या. "घर मी केलं, शेड दुसऱ्याने केली" हे वाक्य नंतर ऐकायला लागू नये.

आता मीटरच्या पुढचा चर. कमी दाबाच्या केबलसाठी भारतीय मानक आयएस १२५५ किमान ७५ सेंटीमीटर खोली सांगतं. कोकणातल्या जांभ्यात एवढं खणताना मजूर तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती सहन करा, पण फूटभरावर केबल टाकून वर पेव्हर ब्लॉक लावू नका. खाली वाळूचा थर, वर वाळू, मग विटा किंवा फरशा, त्याच्या वर धोक्याची पट्टी आणि मग माती. गाडी जिथून जाते तिथे केबल जाड पाइपातूनच न्यावी. पाइपाचा आतला व्यास केबलच्या जाडीच्या किमान दीडपट हवा आणि वळणं लांब हवीत. आमच्या ओळखीत एकाने पाण्याच्या नळाचे काटकोनी एल्बो लावले. केबल दुसऱ्या एल्बोत अडकली आणि ताजं काँक्रीट फोडावं लागलं. आर्मर्ड (आत पोलादी तारांचं कवच असलेली) केबल तिच्या व्यासाच्या बारा पटीपेक्षा लहान त्रिज्येत वळवत नाहीत, त्यात एल्बो बसतच नाही.

शेड ३० मीटर अंतरावर असेल आणि ३२ अँपिअरचा चार्जर असेल, तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर सहा-सात व्होल्ट वाटेतच जातात. चालतं. पण १० चौरस मिलिमीटर घेतली तर ती घट चारच्या आसपास येते आणि केबल तापतही कमी. शेडमध्ये छोटा बोर्ड, त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि केबलबरोबर अर्थिंगची तार हवीच.

सीसीटीव्ही आणि इंटरनेटसाठी दुसरा पाइप त्याच चरात, पण वीजकेबलपासून अंतर ठेवून टाका. पुढे केबल ओढता यावी म्हणून दोन्ही पाइपांत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, आणि तोंडं बंद करा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आणि नंतर उंदीर. चर बुजवण्याआधी भिंतीच्या कोपऱ्यापासून मापं घेऊन मोबाइलवर फोटो काढा. पुढे फुलझाडांसाठी खड्डे खणायला येणारा माळी ते मागेल.