सर्टिफिकेटसाठी आम्हाला सीएसआर पाठवा, प्रायव्हेट की नको

पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने आणि उद्यमनगरातले कारखानदार यांच्या सर्व्हरवरून पगाराच्या, ऊस बिलाच्या फाइली थेट बँकेच्या सर्व्हरकडे जातात. या जोडणीत ओळख दोन्ही बाजूंनी पटवली जाते. तुमचा सर्व्हर बँकेचे सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचे डिजिटल ओळखपत्र, तपासतो, बँकेचा सर्व्हर तुमचे. हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाच्या वेळी, ते काम करून देणाऱ्या आमच्या मेलवर सीएसआरबरोबर (सर्टिफिकेट मागणारा अर्ज) प्रायव्हेट कीची (तुमच्या सर्व्हरची गुप्त किल्ली) फाइलही येते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी झिप करून आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये.

अशी की आम्ही वापरत नाही. मेल पुसून टाकतो आणि नवी की, नवा सीएसआर करायला सांगतो. यावर काही ग्राहक नाराज होतात, "तुमच्यावर विश्वास आहे" असेही म्हणतात. प्रश्न विश्वासाचा नाही. मेलने गेलेली की तुमच्या सेंट आयटममध्ये, दोन्हीकडच्या मेल सर्व्हरवर, मोबाइलमध्ये आणि बॅकअपमध्ये राहते. ती ज्याच्या हाती लागेल तो बँकेच्या सर्व्हरपुढे तुमची संस्था म्हणून उभा राहू शकतो. चेअरमननी सही केलेला कोरा चेक जसा टपालाने पाठवत नाही, तशीच ही गोष्ट.

मुळात की कोणालाच लागत नाही. जोडणी होताना तुमचा सर्व्हर त्या कीने सही करतो आणि पलीकडे फक्त सही व सर्टिफिकेट जाते. म्हणून की मागणारा बँकेचा माणूस असला तरी देऊ नका, आधी आम्हाला फोन करा.

पाठवण्यापूर्वी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत 'सर्टिफिकेट रिक्वेस्ट' असे इंग्रजी शब्द दिसले तर तो सीएसआर, बिनधास्त पाठवा. 'प्रायव्हेट की' दिसले तर फाइल बंद करा. पीएफएक्स (सर्टिफिकेटची एकत्रित फाइल) नोटपॅडमध्ये वाचता येत नाही, पण तिच्यात बहुतेक वेळा की असतेच, म्हणून तीही नको.

चुकून की गेलीच तर लपवू नका. वापरात असलेल्या सर्टिफिकेटची की फुटल्याचा पुरावा मिळाला, तर सार्वजनिक सीएला (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला) ते २४ तासांत रद्द करावे लागते. आधी कळले तर नवे सर्टिफिकेट तयार ठेवून बदल करता येतो. खरा वेळ जातो तो बँकेकडे नव्या सर्टिफिकेटची नोंद होण्यात. त्यांच्या मंजुऱ्या आमच्या हातात नसतात, आणि उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात.

दुसरी अडचण याच्याच पोटातली. सीएसआर ज्या मशीनवर केला, प्रायव्हेट की त्याच मशीनवर असते. क्लार्कच्या लॅपटॉपवर सीएसआर केला आणि मग लॅपटॉप फॉरमॅट केला, किंवा आयआयएसमधली (विंडोजच्या वेब सर्व्हरमधली) प्रलंबित रिक्वेस्ट काढून टाकली, तर आलेले सर्टिफिकेट निरुपयोगी. विंडोजमध्ये त्याच्या चित्रावर किल्लीची खूण दिसत नाही, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. म्हणून सीएसआर सर्व्हरवरच करा, आरएसए २०४८ बिट किंवा त्याहून मोठ्या कीने. लिनक्सवर की-फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल.

बाकीचे थोडक्यात. इंटरमीडिएट सर्टिफिकेटही (तुमचे सर्टिफिकेट सीएच्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारे मधले) बसवा, नाहीतर ब्राउझरमध्ये साइट उघडते आणि बँकेची जोडणी मात्र तुटते. सर्व्हरचे घड्याळ बरोबर ठेवा. टीएलएसच्या (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या) १.० आणि १.१ आवृत्त्या बंद करून १.२ किंवा १.३ वापरा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँका डॉट बँक डॉट इन या डोमेनवर गेल्या आहेत, तेव्हा जुना पत्ता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये राहिला नाही ना, तेही पाहा.

आता मुदतीचे. सार्वजनिक सीएच्या वेबसाइट सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६पासून दिलेल्यांना २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७. बँक स्वतःच्या सीएचे सर्टिफिकेट देत असेल तर मुदत तीच ठरवते. वर्षातून एकदा करायचे काम आता वर्षातून अनेकदा येणार. आमच्या वार्षिक देखभालीत मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी आम्ही फोन करतो, तुमच्याच सर्व्हरवर तुमच्यासमोर सीएसआर करून देतो आणि बँकेकडची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करतो. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजला माणूस येतो. स्वतः करणार असाल तरी हरकत नाही, सीएसआर मेल करा आणि विषयात संस्थेचे नाव व सर्व्हरचे डोमेन लिहा.