मत दिल्यावरही हात मोकळेच असतात
‘एकदा मत दिलं की पाच वर्षं आपल्या हातात काही नाही,’ हा मेसेज निवडणूक आली की सोलापुरात फिरतोच. उखडलेल्या रस्त्यावरून रोज गाडी हाकताना तो पटतोही. पण सत्ता बेफाम होते ती हिशेब कुणी मागत नाही म्हणून, आणि हिशेब मागायला निवडणूक लागत नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ उघडा आणि कलम २ मधली ‘माहितीचा अधिकार’ या शब्दांची व्याख्या स्वतः वाचा. कागदांच्या नकलांबरोबरच कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क तिथे आहे. म्हणजे आपल्या गल्लीतल्या सरकारी रस्त्याची खडी-डांबरसुद्धा! माहिती मागणाऱ्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर अपील. अर्जाची पोच मात्र तारखेच्या शिक्क्यासह घ्या.