बॉर्डरवरून गावाकडे आलेलं लेकरू नववी ते बारावीत घालायचं आहे? आधी हे वाचा

२०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याच दिवशी जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी, पूंछ इथल्या शाळा बंद झाल्या. पंजाबात फिरोजपूर, पठाणकोट, गुरदासपूर, अमृतसरकडेही तेच. १० तारखेला गोळीबार थांबला, पण तोवर कितीतरी जवानांनी बायका-लेकरांना झेलम एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं होतं. भुसावळला उतरायचं, पुढे मलकापूर, तिथून एसटी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात अशी बरीच घरं परत आली. काही दिवाळीपर्यंत तिकडे गेली, काही इथंच राहिली. कारण नवऱ्याला फील्ड एरिया, म्हणजे जिथे कुटुंब ठेवता येत नाही असा भाग, लागला की फॅमिली क्वार्टर सुटतं.

मी हायस्कूलच्या ऑफिसात बाबू म्हणून आयुष्य काढलं. विदर्भातल्या शाळा जूनच्या चौथ्या आठवड्यात उघडतात. तेव्हा ही मंडळी खिडकीशी उभी राहतात आणि आतून एकच वाक्य ऐकू येतं : दाखला आणा, मग बघू. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा आहे, त्यामुळे फारसं कोणी अडवत नाही. खरी अडवणूक नववीपासून. आणि वयही नेमकं असं, की एक वर्ष घरी बसलेली पोरगी पुढच्या जूनमध्ये शाळेत येत नाही, तिच्या पत्रिकेची झेरॉक्स काढायला तिचा काका येतो.

दाखला नसेल तर

एक बाई नववी पास झालेल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, शाळेले कुलूप होतं, तं दाखला कोन देईन?" उत्तर माझ्याकडे होतं, पण माझ्या साहेबांना ते माहीत नव्हतं. ते असं : जून २०२१ च्या शासन निर्णयानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांना पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्याला केवळ टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नववी-दहावीत जन्मदाखल्यावरून वयानुरूप वर्गात बसवायचं, टीसी मागाहून मागवायची. निर्णय निघाला तो कोविडमध्ये फी थकलेल्या पोरांमुळे, पण त्यात कारणाची अट नाही. गोळीबार हे कारण फी थकण्यापेक्षा नक्कीच हलकं नाही.

हा निर्णय अकरावी-बारावीला लागू नाही. तिथे दाखला लागतोच.

शाळेने तोंडी नाही म्हटलं तर घरी जाऊ नका. तोंडी नकाराचा कुठेही कागद उरत नाही. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, जन्मदाखला आणि आधार जोडा, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. माझा अनुभव असा, की शिक्का मारायची वेळ आली की निम्म्या शाळांना प्रवेश देणं सोपं वाटतं. तरीही अडलं तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नाही! लोक तिथे तीन-तीन चकरा मारतात, तिथला माणूस बिचारा चहाही पाजतो, पण नववीपासून पुढचं काम त्याच्या टेबलावर येतच नाही.

दाखला हातात असेल तर दोन गोष्टी तपासा. पंजाब किंवा जम्मू-काश्मीर बोर्डाच्या शाळेतला असेल, तर त्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी इकडे मागतात. तिकडून निघायच्या आधी ती झाली तर झाली, नंतर टपालाने दोन महिने जातात. दुसरं, इयत्तेचा रकाना. सीबीएसईचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मे महिन्यात काढलेल्या दाखल्यावर "दहावीत शिकत आहे" असं असतं आणि आमचा बाबू म्हणतो, "दहावी तर झाली की, इकडे कशाला?" किंवा उलट, "नववी पास कुठे लिहिलंय?" म्हणून नववीचं गुणपत्रक दाखल्याला टाचूनच द्या.

पेन नंबर

याचा त्रास आता दाखल्याहून मोठा झाला आहे. यूडायस प्लस या देशभराच्या पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायमचा नंबर असतो, त्याला पेन म्हणतात. जुन्या शाळेने पोर्टलवर "विद्यार्थी गेला" असं नोंदवलं की नाव ड्रॉपबॉक्समध्ये जातं, तिथून नवी शाळा पेन आणि जन्मतारीख टाकून ते उचलते. जुन्या शाळेने ते बटण दाबलंच नाही तर पोरगं कागदावर अजून पठाणकोटला आणि बाकावर चिखलीत.

हे जूनमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात दहावीचे फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा येतं, कारण राज्य मंडळाचं आवेदनपत्र आता पेन आयडीवरूनच भरलं जातं. तीन-चार महिने वर्गात बसलेल्या पोराला तेव्हा सांगायचं की तू या शाळेत नाहीस! मी हे एकदा सांगितलं आहे. पुन्हा सांगायची माझी हिंमत नाही.

म्हणून प्रवेश झाल्यावर आठवडाभरात शाळेत जाऊन विचारा : "यूडायसला नाव आलं का? स्क्रीनवर दाखवा." आलं नसेल तर नव्या शाळेला पोर्टलवरूनच जुन्या शाळेकडे रिलीजची मागणी टाकता येते. सोबत तुम्हीही जुन्या शाळेला फोन करा. जवानाने युनिटमधून एखाद्याला शाळेत पाठवलं तर काम सगळ्यात लवकर होतं, हे मी पाहिलेलं आहे.

नावाची भानगड

आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरला आडनाव, नाव, वडिलांचं नाव. तिकडच्या दाखल्यावर नुसतं नाव आणि आडनाव, कधी नुसतं नाव आणि "कुमार". आधारवर तिसरंच. आणि फौजेत जन्माची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेच्या नोंदीत घरची माहिती चढवणारा युनिटचा आदेश) निघाली तेव्हा बापाने सुट्टीवरून फोनवर सांगितलेलं चौथं, बहुधा घरचं लाडाचं नाव. चार कागद, चार पोरं.

क्रम असा ठेवा : जन्मदाखला खरा धरा, आधार त्याप्रमाणे करा, मग शाळेचं रजिस्टर. रजिस्टरमधली दुरुस्ती पोरगं त्या शाळेत शिकत असतानाच होते, त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा नाव छापून आलं की पुढचे सगळे कागद त्याच्यामागे फिरतात. पार्ट टू ऑर्डरमधली दुरुस्ती वडिलांनी युनिटच्या क्लार्ककडूनच करून घ्यायची, गावातून ती होत नाही.

जातीचा रकानाही बघा. केंद्रीय विद्यालयाच्या दाखल्यावर बहुतेक वेळा नुसतं "ओबीसी" किंवा "एससी" लिहितात, पोटजातीसकट जात लिहीत नाहीत. इकडे जातीचं प्रमाणपत्र आणि पुढे पडताळणी करताना पोराचा दाखला एकटा कामाला येत नाही. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद काढून ठेवा : एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. यात पोराचा जन्म उधमपूरला झाला म्हणून काही बिघडत नाही, पूर्वज कुठे राहत होते ते बघतात.

दहावी आणि बारावीत बोर्ड बदलू नका

जमत असेल तर बदलूच नका. सीबीएसईत नववीला नोंदणी होते आणि दहावीला त्याच नोंदणीवर परीक्षा. बारावीचं तसंच अकरावीशी बांधलेलं. अकरावी एका बोर्डात आणि बारावी आपल्या राज्य मंडळात, असं करायचं तर विभागीय मंडळाची परवानगी आणि विषय जुळणं, दोन्ही लागतं.

केंद्रीय विद्यालयात शिकणाऱ्यांसाठी एक सोय आहे आणि ती जवानांनाच माहीत नसते. वडिलांची पोस्टिंग फील्ड किंवा नक्षलग्रस्त भागात झाली, तर कुटुंब जिथे ठेवणार तिथल्या केंद्रीय विद्यालयात टीसीवर प्रवेश मिळतो, वडील त्या गावात नसले तरी. अकोला, अमरावती, पुलगाव, कामठी इथे केंद्रीय विद्यालयं आहेत. युनिटकडून पोस्टिंगचं आणि कुटुंब कुठे राहणार याचं प्रमाणपत्र आणायचं. अडचण एवढीच की ही शाळा शहरात आणि आजी-आजोबा खेड्यात. मग भाड्याची खोली आली.

नववीत मात्र बोर्ड बदलायला हरकत नाही. घरी वऱ्हाडी फाडफाड बोलणारं पोरगं मराठी निबंध लिहिताना ओळीओळीला अडतं, पण हाताशी दोन वर्षं असतात.

दहावी दुसऱ्या बोर्डातून होऊन अकरावीला इकडे येणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट काढावं (सीबीएसईचं डिजिलॉकरवर मिळतं) आणि कॉलेजमार्फत विभागीय मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र घ्यावं. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम, यवतमाळसाठी अमरावती मंडळ. विदर्भातल्या बाकी सहा जिल्ह्यांना नागपूर. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजसकट. "आमच्या गावच्या कॉलेजात काय फॉर्म भरायचा, सर ओळखीचे हायत" असं म्हणत बसलेल्यांचे राउंड निघून गेलेले पाहिले. आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांच्या राखीव जागेवर हक्क सांगायचा, तर फॉर्म भरतानाच पुरावा अपलोड करा. नोकरीत असलेल्याचं प्रमाणपत्र युनिट देतं, निवृत्ताचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

सल्ला देणारे एक वाक्य हमखास टाकतात : "१७ नंबर भरून टाका." खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबर फॉर्म हा शेवटचा उपाय आहे. त्यालाही शाळा सोडल्याचा दाखला लागतोच, म्हणजे मूळ अडचण तिथेच. आणि बारावी सायन्सला तो चालत नाही. हे कळेपर्यंत फॉर्मची तारीख गेलेली असते.

पैसे

नोकरीतल्या जवानाला दोन मुलांसाठी शिक्षण भत्ता मिळतो, १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक मुलामागे महिन्याला २,८१२.५० रुपये, मूल कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेत असलं तरी. त्यासाठी मुख्याध्यापकांचं बोनाफाईड पुरतं. पण ते झालेल्या शैक्षणिक वर्षाचं हवं. "सध्या दहावीत शिकत आहे" असं लिहिलेलं बोनाफाईड परत येतं. मधेच शाळा बदललेली असेल तर दोन्ही शाळांचं घ्या.

निवृत्त सैनिक, हवालदार किंवा त्याखालचे, आणि सैनिकांच्या विधवा यांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिना १,००० वरून २,००० रुपये झालं. वर्ग पास झाल्यावर अर्ज करायचा, नापासाला नाही. युद्धात शहीद, बेपत्ता किंवा अपंग झालेल्यांच्या मुलांची योजना वेगळी. ती १९७१ च्या युद्धानंतर आली, त्यात फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश येतात. मधे महिन्याला १०,००० ची मर्यादा घातली होती, ती २०१८ मध्ये काढली. या घरच्या बायांना मी रांगेत उभं करत नाही, कागद घरी जाऊन घेतो.

सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन वाद घालू नये. ते कार्यालय तिन्ही सैन्यदलांच्या माजी सैनिकांचं आहे. बंदूक तीच, बॉर्डर तीच, टेबल वेगळं. तुमचे अर्ज तुमच्या बटालियनमार्फत जातात.

आणि शाळा दुसऱ्या गावी असेल तर मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. शाळेच्या पत्रावर घरचा थांबा नीट लिहून घ्या. फाट्याचं नाव लिहिलं तर कंडक्टर फाट्यावरच उतरवतो, तिथून गाव तीन किलोमीटर.